हत्यार म्हणून आणलेले कॉम्प्युटर

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज काट्याचा असायचा. अप्पा अंघोळ करून, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून पुढच्या अडत दुकानात जायचे आणि काट्याच्या साखळ्या हलवून बघायचे. रिकामी पारडी एकमेकांवर आपटायची आणि आम्ही भावंडं जागी व्हायचो. मागून अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाकरीची थाप, आणि मग स्टँडवरच्या जीपवाल्यांची आरोळी, 'उदगीर, उदगीर, बसा उदगीर!' गिऱ्हाईक नसलं तरी ते ओरडायचे, कारण गप्प बसलेल्या जीपमध्ये कोणी बसत नाही. कमलनगर तेव्हा तालुका नव्हतं. आता तिथे तहसील आहे, पाट्या आहेत, साहेब आहेत. तेव्हा आम्ही औरादच्या शेपटाला धरून होतो. घरात देवाशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि लॉरीवाल्याशी भांडण निघालं की दखनी, अशी वाटणी होती. आम्हाला ती वाटणी आहे हेसुद्धा कळत नसे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ शिवराज. तो गुलबर्ग्याला डिप्लोमा करायला गेला होता. आता कलबुर्गी म्हणायचं असतं, पण माझ्या जिभेला ते वळण लागत नाही. तिथे त्याच्या कॉलेजमागच्या गल्लीत एक दुकान होतं. त्यात पोरं रांगेने कॉम्प्युटरवर बसून एकमेकांविरुद्ध गाड्या पळवायची, लढाया करायची. अण्णा खेळायला म्हणून गेला आणि एक दिवस खेळ मध्येच अडला म्हणून त्याने मालकाच्या देखत मशीनचं झाकण उघडलं. त्यानंतर तो अभ्यासाच्या पुस्तकातून कमी आणि त्या उघड्या डब्यातून जास्त शिकला. खेळ बसवायला जागा पुरत नाही म्हणून डिस्क कशी बदलायची, आवाज येत नाही म्हणून कुठली पट्टी काढून कुठे खोचायची, हे सगळं त्याला खेळापायी आलं. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गावातली पोरं आधी खेळायला बसतील, मग खेळ अडेल, मग त्यांचा हात आपोआप झाकणाकडे जाईल. 'शिकवायचं न्हाई गं जगू,' तो मला म्हणायचा. 'नुस्तं बसू द्यायचं. पोरं सोता शिकतेत.' माझं नाव जगदेवी, पण पूर्ण नावाने मला फक्त शाळेत आणि लग्नात हाक मारली गेली.

कॉम्प्युटर आले ते टेम्पोतून, वाकळांत गुंडाळून. अव्वाने दारातच त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवी सून आल्यासारखा. अप्पा दुकानातून उठून आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वाकळा सुटल्या, काचेची मोठी तोंडं बाहेर आली. अप्पांनी एका मॉनिटरवर बोटाने टकटक केलं, तुरीचा दाणा दाताखाली बघावा तसं. मग विचारलं, 'शिवराज, हे हत्यार हाय का खेळणं हाय?'

मी तिथेच उभी होते. अण्णा क्षणभर थांबला, हे मी पाहिलं. मग म्हणाला, 'हत्यार हाय अप्पा. पोटाचं हत्यार हाय.'

'मग घ्या आत,' अप्पा म्हणाले.

काट्याशेजारची खोली, जिथे उडदाची पोती असायची, ती रिकामी करून चुना मारला. तरी डाळीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. बाहेर पाटी लागली, 'कॉम्प्युटर क्लास', मराठीत आणि कन्नडमध्ये. 'खेळ' हा शब्द पाटीवर कुठेच नव्हता. आत जायचं तर चपला बाहेर, हे अव्वाने ठरवलं, आणि नळावर हातपाय धुऊन, हेही तिनेच. आरडाओरडा नाही, हे अप्पांनी ठरवलं. काट्यासमोर आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, तोच कायदा इकडे लागू झाला. कॉम्प्युटरवर फुलाफुलांचे अभ्रे आले. काम झालं की ते घालायचे, अव्वा ते दर सोमवारी धुवायची.

सकाळी मी पोरींना टायपिंग शिकवायचे. मी बी.कॉम. झाले होते, उदगीर-बसवकल्याणकडची स्थळं बघून जात होती, आणि मधल्या काळात पोरीने काहीतरी चांगलं करावं म्हणून अप्पांनी मला क्लासमध्ये बसू दिलं. 'आमची जगदेवी कॉम्प्युटर शिकवायली' हे सांगताना त्यांचा आवाज थोडा वर जायचा. दुपारी खोली रिकामी असे. त्या रिकाम्या दुपारी अण्णाने मला एक खेळ लावून दिला. त्यात गाव वसवायचं होतं. सुरुवातीला नुसती माळरान जमीन आणि हातावर मोजण्याइतकी माणसं. त्यांना लाकूड तोडायला लावायचं, विहीर खणायला लावायची, पीक काढून कोठारात भरायचं. मी त्या गावात राहायला गेले असं म्हटलं तर चालेल. ओढा कुठून वळतो ते बघून मी शेतं मांडली. बाया पाण्याला लांब चालत जाताना दिसल्या की मला चैन पडेना, मी त्यांच्यासाठी घराघराजवळ विहिरी केल्या. अण्णा हसायचा. 'आगं, इतक्या हिरी कुणाच्या बापाच्या गावात असतेत?' मी म्हणायचे, 'माझ्या असतेत.' लाइट गेली की यूपीएस कीं कीं करायला लागायचा आणि मी धावत गाव जतन करून घ्यायचे. तो आवाज आजही कुठल्या दवाखान्यात कानावर आला तर माझा उजवा हात आपोआप हलतो.

माझ्या हातात तोवर जे काही होतं ते दुसऱ्याने दिलेलं होतं: शाळा, कॉलेज, साडीचा रंगसुद्धा. ते गाव तेवढं माझं होतं. आणि एक गोष्ट मला तेव्हाही नीट कळत होती. मला तिथे खेळता येत होतं ते पाटीवर 'क्लास' लिहिलेलं होतं म्हणून. वीस पार केलेली पोरगी दुपारभर खेळतेय असं कोणाला कळलं असतं तर आधी स्थळं थांबली असती आणि मग खेळ.

संध्याकाळी पोरं यायची. अण्णाने मशीनं वायरने एकमेकांना जोडली होती, त्यामुळे एकजण पळाला की दुसऱ्याच्या पडद्यावर त्याची धूळ दिसायची. पण पोरं बसायची ती भिंतीकडे तोंड करून, पाठीला पाठ लावून. हातपाय धुतलेली, केस चोपलेली, परीक्षेला बसल्यासारखी. कोणी मारला गेला तर 'आयला' म्हणायचीही सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडे अप्पा माप घेत असायचे. त्यातून मशीन सुरू व्हायला वेळ, खेळ उघडायला वेळ, सगळं इंग्रजीत, मध्येच व्हायरस. अण्णा मग झाकण उघडून बसायचा आणि पोरांना म्हणायचा, 'या, बघा.' एक-दोघं वाकून बघायची. बाकीची खिडकीतून रस्त्यापलीकडे बघायची.

रस्त्यापलीकडे खाजाभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. खाजाभाई म्हणजे अप्पांचे जुने स्नेही. आमच्या घरात काही बिघडलं की मागच्या दाराने येऊन चहा घेणारे आणि पुढच्या दाराने वस्तू नीट करून जाणारे. दुरुस्त केलेला टीव्ही नीट चालतो हे गिऱ्हाइकाला दाखवावं म्हणून त्यांनी कुठूनतरी एक व्हिडिओ गेमचा डबा आणून जोडला होता. वरून कॅसेट खोचायची, बटण दाबलं की खेळ सुरू. नाही झाला तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. त्याला आमच्याकडे कोणी कन्सोल म्हणत नव्हतं. हातात धरायच्या वस्तूला पोरं रिमोट म्हणायची, आणि असे रिमोट दोन होते. खाली सतरंजी, वर पत्रा, पायात धूळ, हातात मिरची भजी. एक खेळतोय, दुसरा खेळतोय आणि पंधरा जण त्यांच्या पाठीवर पडून ओरडतायत. ते टुंटुं संगीत आमच्या घरात सगळीकडे ऐकू यायचं. अव्वा भाकऱ्या थापताना नकळत त्याच चालीवर थापायला लागली होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

अण्णाला त्याची काळजी वाटत नव्हती. 'ते खेळणं हाय गं,' तो म्हणायचा. 'त्याच्यात उघडून बघण्यासारखं काय न्हाई. चार दिस नाचतेल आन् येतेल इकडंच.' खेळणं हा शब्द तो असा उच्चारायचा की जणू तो स्वतः कधी खेळलाच नव्हता.

पण पोरं कमी व्हायला लागली होती, आणि अप्पांच्या ते नजरेत आलं होतं. हैदराबादहून अण्णाच्या मित्राचा निरोप यायचा की कंपनीत जागा आहे, ये. अप्पांनी शांतपणे सांगून टाकलं, 'दसऱ्यापतोर बघ. चाललं तर चाललं. न्हाई तर हैदराबादला जा, हिथं अभ्रे धूत बसू नको.' अण्णा गेला असता तर खोली बंद झाली असती. त्याच्यासाठी ते त्याचं सगळं मनोराज्य होतं, आणि माझ्यासाठी ते गाव. मी हे कोणाजवळ बोलले नाही. बोलणार तरी काय?

अण्णाने मग एक युक्ती काढली. दसऱ्याच्या सुट्टीत गावं रिकामी असतात, पोरं मोकळी असतात. त्याने कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीची स्पर्धा ठेवली. उदगीरची पोरंही बोलावली. सुट्टीत सगळ्यांना सोयीचा दिवस कुठला, तर नवमीचा, कारण दशमीला सगळे सोनं वाटायला आणि पाहुण्यांकडे जातात. स्टँडवर कागद चिकटवले. पोरं परत यायला लागली, हातपाय धुऊन सराव करायला लागली. बसू म्हणून एक पोरगा होता, जरा तोतरा, सगळ्यांत वेगवान. त्याने तर एक दिवस स्वतःहून विचारलं, 'अण्णा, ह्या डब्यात आत गा... गाडी कुठं असती?' अण्णाने हातातलं काम टाकून त्याला झाकण उघडून दाखवलं. त्या संध्याकाळी जेवताना अण्णाने अव्वाकडे तीनदा भाकरी मागून घेतली.

आता ज्यांच्या घरात काटा नाही त्यांना सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचे कुळव-विळे, सुताराची करवत, ड्रायव्हरची लॉरी, आमचा काटा आणि मापं. अष्टमीच्या संध्याकाळी ती धुऊन पुसून मांडायची, नवमीला पूजा, आणि दशमीच्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिल्याघेतल्यावरच उचलायची. मधल्या काळात हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढी विश्रांती, असं अप्पा म्हणायचे. हे अण्णाला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून तो काटा चिंचेने घासायला बसत होता. पण आपल्या खोलीतल्या त्या काचेच्या तोंडांचा आणि खंडेनवमीचा काही संबंध आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

अष्टमीला संध्याकाळी अप्पा ताट घेऊन क्लासच्या खोलीत आले. ताटात विभूती, कुंकू, झेंडूची फुलं. मागे अव्वा, हळदीचा दोरा घेऊन.

'शिवराज, मशिनी पूस,' अप्पा म्हणाले. 'आन् बंद करून टाक. आता दशमीला चालू कर.'

अण्णा हसला. त्याला चेष्टा वाटली. 'अप्पा, उद्या पोरं येयलेत. उदगीरचीबी येयलेत. स्पर्धा हाय.'

'खंडेनवमीला?'

'व्हय. सुट्टी हाय म्हणून.'

'आरं, काटा बंद, मापं बंद, मोटार बंद. आन् हेच हत्यार कामून चालू?' अप्पा रागावले नव्हते. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. 'तूच म्हणलास न्हवं, पोटाचं हत्यार हाय म्हणून?'

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या अभ्र्याची घडी घालत राहिले. 'अप्पा, हे खेळणं हाय, खेळण्याला कसली पूजा' एवढं एक वाक्य बोललं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे इतके दिवस अप्पांनी सोयऱ्याधायऱ्यांत अभिमानाने जे सांगितलं ते सगळं खोटं होतं असं म्हणायचं. आणि मी? मी दुपारभर काय करायचे, हे मग कोण सांगणार होतं?

'व्हय अप्पा,' अण्णा म्हणाला. 'हत्यार हाय.'

मी माझं गाव जतन केलं. एक बाई घागर घेऊन विहिरीकडे निघाली होती, तिला तिथेच उभं केलं. अप्पांनी प्रत्येक मॉनिटरच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. अव्वाने माउसला दोरा बांधला, मग जरा विचार करून कीबोर्डलाही बांधला. समई ठेवली आणि दाराला कडी घातली.

नवमीला पोरं आली. नवे शर्ट, भांग पाडलेले. उदगीरची चार-पाच जीपमधून उतरली. दाराला झेंडूचं तोरण आणि कडी. अण्णा पायरीवर उभा राहून एकेकाला सांगत होता की आज पूजा आहे, दशमीनंतर घेऊ. पोरं काही रागावली नाहीत. आमच्या भागात पूजा म्हटल्यावर कोणी वाद घालत नाही. ती जरा वेळ पायरीवर बसली. मग रस्त्यापलीकडून ते टुंटुं सुरू झालं. खाजाभाईंनी सोल्डरिंग आयर्न आणि पेचकस पुसून बाजूला ठेवलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांबरोबर तेही त्या दिवशी दुरुस्तीचं काम करत नसत. पण व्हिडिओ गेम हे काही हत्यार नव्हतं. काम नाही म्हणून तर तो दिवसभर मोकळा होता. आधी उदगीरची पोरं उठली, मग आपली. बसू सगळ्यांत शेवटी गेला. जाताना त्याने अण्णाकडे बघून चपला हातात घेतल्या, अनवाणी रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन घातल्या. त्याने तसं का केलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी अव्वाने खाजाभाईंकडे होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, ताट पाठवलं. दर सणाला जायचं तसंच. घेऊन गेले मी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं घामेघूम झाली होती, हसत होती, एकमेकांच्या मांडीवर बसली होती. बसू आणि उदगीरचा एक पोरगा खांद्याला खांदा लावून गाड्या पळवत होते. बसू वळणावर स्वतःच वाकत होता, त्याच्याबरोबर अख्खी सतरंजी वाकत होती. आणि तो ओरडत होता, मोठ्याने, न अडखळता. आमच्या खोलीत त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

'आओ बेटी, आओ,' खाजाभाईंनी ताट घेतलं. 'अव्वा का होळगी? अहाहा, घी की बास आरी. बैठो जी.'

'नक्को चाचा, काम है.'

'कायकू नक्को? आज कायका काम? तुमारे तो सब बंद है ना?' त्यांनी पोरांकडे वळून म्हटलं, 'ए, रिमोट दे रे अक्का को. एक डाव खेलने दे.'

उदगीरच्या पोराने रिमोट माझ्यापुढे धरला. बसू सरकला आणि सतरंजीवर हाताने जागा झाडली. 'अक्का, बसा की.' ती पोरं मला टायपिंगची अक्का म्हणून ओळखायची. रिमोटची बटणं घामाने चमकत होती. मला त्या क्षणी किती बसावंसं वाटलं ते मी आज लपवत नाही. बसून ओरडावंसं वाटलं. पण दुकान रस्त्यावर उघडं होतं, समोर आमच्याच दुकानात अप्पा खुर्ची टाकून बसले होते, आणि इथे बाहेर 'क्लास' अशी पाटी नव्हती.

'न्हाई रे, मला काम हाय,' मी म्हणाले आणि रिकामं ताट घेऊन परत आले. काम काहीच नव्हतं. माझंही हत्यार त्या दिवशी बंद होतं.

घरी अण्णा ओसरीवर बसला होता. 'काय हाय गं तिथं असं?' त्याने विचारलं.

'दोन रिमोट हायत,' मी म्हणाले.

'आपल्याकडं तीन मशिनी हायत की.'

'तीन हायत. पर एकमेकाकडं पाठ हाय.'

त्याच्यासमोर होळगी दुधात कुस्करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

दशमीला संध्याकाळी पोरं रांगेने आमच्याकडे आली, बन्नीची पानं घेऊन. 'बन्नी घ्या, बंगारासारखं, सोन्यासारखं राहा,' म्हणत अप्पांच्या पाया पडली, अव्वाच्या पडली, अण्णाच्या पडली. अण्णाने प्रत्येकाला उराशी धरलं. अव्वाने सगळ्यांना चिवडा दिला. अप्पांनी आत जाऊन काटा हलवला, खण्णकन आवाज झाला, आणि अण्णाने खोलीची कडी काढली, अभ्रे काढले, मशीनं सुरू केली. पोरं पायरीवर चिवडा खात होती. खाऊन झालं, हात झटकले, 'येतो अण्णा' म्हणाली आणि सगळी रस्ता ओलांडून गेली. कोणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. अण्णा उजळलेल्या काचांसमोर उभा होता. काचांवर विभूती तशीच होती.

एका खंडेनवमीने कोणाचा धंदा बुडत नाही, असं शहाणी माणसं म्हणतील. खरं आहे. पोरं आज ना उद्या गेलीच असती. मी पुढे पाहिलं, गावोगावी तेच झालं. कॉम्प्युटरवर जी खेळायला बसणार होती ती टीव्हीसमोर बसली, आणि आता मोबाइल घेऊन झोपतात. आम्ही त्या मशीनला देवासारखं, मास्तरासारखं घरात आणलं. मास्तराच्या मांडीवर कोण लोळणार? पण बसूने विचारलं होतं की गाडी आत कुठे असते. खाजाभाईंच्या डब्यासमोर ते विचारायची त्याला पुन्हा गरज पडली नाही. आज तो जीप चालवतो, चांगली चालवतो. मला तरी त्याचा तो प्रश्न आठवून चुटपुट लागते.

नंतर अण्णाने त्या मशीनवर लग्नपत्रिका छापायला घेतल्या. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही लिप्या लागायच्या, त्यांना जागा लागायची. एका दुपारी तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, 'जगू, जागा पुरना गेली. खेळ सगळे काढायलोय. तुझं गाव काढू का?'

मी दारात तांदूळ निवडत होते. माझं लग्न ठरलं होतं. 'काढ की,' मी म्हणाले, आणि हसले. वर म्हणाले, 'मला काय करायचंय त्याचं.' एक बटण दाबल्याचा आवाज आला, त्यापेक्षा जास्त काही नाही. त्याच मशीनवर माझी पत्रिका छापली गेली. जगदेवी, पूर्ण नावाने. माझ्या लग्नानंतर अण्णा हैदराबादला गेला, आणि खोलीत परत उडदाची पोती आली.

मी हुमनाबादला आहे. यजमानांचं लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे खंडेनवमी माझी सुटली नाही. त्या दिवशी हायवेवर हळदकुंकू भरलेले कोहळे फुटतात, चाकांखाली लिंबं जातात, आणि मी पान्यांना विभूती लावते. गेल्या दसऱ्याला अण्णा आला होता. केस पांढरे, गुडघे दुखतात, पायऱ्या चढताना देवाचं नाव घेत 'बसवा, बसवा' म्हणतो. अष्टमीची संध्याकाळ होती. मी पाट मांडत होते. तो खुर्चीत बसून बघत होता आणि एकदम म्हणाला, 'तुझ्या गावात हिरी किती होत्या गं?'

माझ्या हातातली विभूतीची वाटी तशीच राहिली. इतक्या वर्षांत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

'लई होत्या,' मी म्हणाले.

'काढू नको म्हणली असतीस तर ठेवलं असतं मी.'

'काय म्हणून सांगू? वीस पार झालेली घोडी, मला खेळायचंय म्हणून?'

अण्णा बराच वेळ गुडघा चोळत राहिला. 'मी तरी कुठं सांगितलं?' तो म्हणाला. 'अप्पानं इचारलं होतं, हत्यार का खेळणं. दोनदा इचारलं. खेळणं म्हणलो असतो तर काय केले असते? रागवले असते चार दिस.' मग हळूच म्हणाला, 'पूजा तर केले नसते.'

तेवढ्यात तेजस, माझा मुलगा, आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप पाटावर ठेवला, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मग टीव्हीखालचा त्याचा गेमचा काळा डबा उचलून म्हणाला, 'आई, हे पण ठेवायचं का पूजेत?'

मी अण्णाकडे पाहिलं. अप्पांना शेवटी ऐकू कमी यायचं आणि आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो. अण्णा तसाच मोठ्याने बोलला. 'न्हाई. ते खेळणं हाय. ठेव जाग्यावर. आन् जोड.'

तेजसने डबा जोडला आणि सवयीने दुसरा रिमोट मामाकडे केला. अण्णाने तो घेतला आणि माझ्यासमोर धरला. माझी बोटं विभूतीने पांढरी झाली होती, ती पदराला पुसली. पहिला डाव मी हरले, लगेच हरले. अंगठे कुठे जातात तेच कळेना. स्वयंपाकघरातून यजमानांनी हाक मारली की पुरण खाली लागतंय.

'गॅस बंद करा,' मी म्हणाले. 'मला खेळायचंय.'

एवढंच तर वाक्य होतं.